आपले वसंतराव

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं संपादक मंडळानं सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. आयुष्यभर मी जे लिहिलं ते जमाखर्चाच्या वह्यांत. लेख वगैरे आपल्याला जमत नाही. सेक्रेटरी साहेबांनी सुचवलं की सोसायटीच्या आठवणी लिहा. बोअरवेलला पाणी कसं लागलं, पहिल्या पावसात पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी कसं साचलं, असं काही. पण ते सगळं बाकीची मंडळी लिहिणारच आहेत, आणि माझ्यापेक्षा रंगवून लिहितील. म्हणून मी एका अशा माणसाबद्दल लिहायचं ठरवलं जे आपल्या सोसायटीत कधी राहिले नाहीत. आपल्या पहिल्या विंगचा स्लॅब पडला तेव्हा त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी दर गणपतीत दहा दिवस त्यांचा आवाज आपल्या मंडपात घुमतो. लहान पोरांनाही ते गाणं पाठ आहे, फक्त गाणाऱ्याचं नाव बहुतेकांना माहीत नाही. मलाही नव्हतं. ते नाव डॉ. वसंतराव देशपांडे.

आता हे नाव मला कसं कळलं, ते आधी सांगतो. त्यात माझी थोडी लाजही आहे, पण रौप्यमहोत्सवात जुने हिशेब मिटवून टाकलेले बरे.

दोन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत एक अर्ज आला होता. दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी रोज पहाटे साडेपाचला रियाज करते, त्यानं झोपमोड होते, हे बंद व्हावं. अर्जावर अकरा सह्या होत्या. तिसरी सही माझी. सभेत मी उभं राहून बोललोही होतो की गाणं म्हणजे काही ऐकण्यासारखं असेल तर ठीक आहे, हे नुसतं आऽ आऽ कोणी ऐकायचं? लोक हसले. मुलीचे वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पहाटे खिडक्या बंद झाल्या, आणि महिनाभरात आवाजही बंद झाला.

त्याच वर्षी गणपतीत मी पावती पुस्तक घेऊन मंडपात बसलो होतो आणि ती मुलगी आरतीचं ताट मांडत होती. स्पीकरवर अष्टविनायक सिनेमातलं ते गणपतीचं गाणं सुरू होतं. मला राहवलं नाही. मी तिला म्हटलं की बाई, हे बघ, याला म्हणतात गाणं. ती हसली आणि शांतपणे म्हणाली की काकाजी, यातला जो पुरुषाचा आवाज आहे ना, ते मोठे शास्त्रीय गायक होते, आणि जन्मभर त्यांनी ते आऽ आऽच केलं. एवढं बोलून ती ताट घेऊन गेली. मी पावत्या फाडत बसलो, पण त्या संध्याकाळी दोन पावत्यांवर रक्कम चुकली.

तेव्हापासून मी या माणसाच्या मागे लागलो. जे वाचलं आणि ऐकलं, ते माझ्या पद्धतीनं इथं मांडतो.

वसंतरावांचा जन्म 2 मे 1920 चा, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचा. म्हणजे माणूस अस्सल आपल्या विदर्भातला. वडिलांचं छत्र त्यांना लाभलं नाही. आईनं एकटीनं कष्ट करून नागपुरात वाढवलं. त्या काळी एकट्या बाईनं शहरात राहून मूल वाढवणं ही आजच्यासारखी गोष्ट नव्हती. त्यातही पोटाला चिमटा घेऊन मुलाला गाणं शिकवावं, असं त्या माउलीला वाटलं. आपल्याकडे आजही आधी पोराला इंग्रजी शाळेत टाकतात आणि गाणं उरल्यासुरल्या वेळात बसवतात.

नागपुरात शंकरराव सप्रे यांचं श्रीराम संगीत विद्यालय होतं. सप्रे गुरुजी पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांच्या परंपरेतले. त्यांच्याकडे छोटा वसंत शिकायला लागला. तिथंच राम चितळकर नावाचा आणखी एक मुलगा शिकत होता. तोच पुढे सी. रामचंद्र झाला, ज्यांच्या अलबेला, अनारकलीच्या गाण्यांवर आपल्या आधीची पिढी जीव टाकत होती. नागपुरातल्या एकाच गुरूच्या हाताखालून एक जण सिनेमाच्या गाण्याकडे गेला आणि दुसरा मैफलीकडे. मी लहानपणापासून समजत होतो की ही दोन वेगळी गावं आहेत. सतरंजी मात्र एकच होती.

वसंतरावांचा चेहरा गोड आणि गळा त्याहून गोड, त्यामुळे भालजी पेंढारकरांची नजर या मुलावर पडली. 1935 च्या कालिया मर्दन या चित्रपटात त्यांनी कृष्णाचं काम केलं. एवढ्या लहानपणी पडद्यावर आल्यावर एखाद्याची हवा झाली असती. वसंतरावांचं तसं काही झालं नाही. सिनेमा आला नि गेला, आणि ते पुन्हा शिकायला बसले.

पुढे ते लाहोरला गेले. तिथं उस्ताद असद अली खाँ यांच्याकडे मारवा राग शिकायला मिळाला. महिनेच्या महिने एकच राग. मला हे वाचून आधी नवल वाटलं की एका रागात इतकं काय असतं? मग आपल्या रोवणीची आठवण झाली. बाहेरच्या माणसाला वाटतं पऱ्हे उपटले आणि चिखलात खोवले, झालं. ज्यानं केलं त्यालाच ठाऊक की बोटाला किती जोर द्यायचा, किती अंतर ठेवायचं, आणि ते कळायला किती हंगाम जातात. मारवा हा राग पुढे वसंतरावांच्या नावाशी कायमचा जोडला गेला.

त्यांनी एकाच गुरूचा हात धरला नाही. सुरेशबाबू माने किराणा घराण्याचे, अमान अली खाँ आणि अंजनीबाई मालपेकर भेंडीबाजार घराण्याचे, अशांकडून त्यांनी घेतलं. या सगळ्यांच्या वर, लहानपणापासून मनात बसलेलं गाणं होतं मास्टर दीनानाथ मंगेशकरांचं. वेगानं येणारी, कुठून कुठं उडी घेईल ते सांगता येणार नाही अशी तान त्यांना दीनानाथांच्या गाण्यात भेटली आणि ती त्यांनी आपलीशी केली. शिवाय पेटी वाजवत, तबला उत्तम वाजवत. या सगळ्यामुळे गंमत अशी झाली की त्यांच्या गाण्याला कोणत्या घराण्याचं म्हणायचं, हा प्रश्न जाणकारांना पडला. घराण्याचा शिक्का नसेल तर त्या जगात वाट सोपी नसते. आपल्याकडे जसं विचारतात ना, कोणत्या गावचे, कोणाचे, तसंच तिथंही.

आणि आता मला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग. एवढं शिकलेला हा माणूस काय करत होता? पुण्यात मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी! एक ना दोन, जवळजवळ 24 वर्षं. घरसंसार होता, आणि नुसत्या गाण्यावर चूल पेटेल याची खात्री नव्हती. दिवसा आकडे, रात्री मैफल, आणि मधे जो वेळ सापडेल त्यात रियाज. पु. ल. देशपांडे हे त्यांचे जिवाभावाचे मित्र. पु. लं. नी पेटीवर बसावं आणि वसंतरावांनी गावं, अशा बैठका होत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन हापिसात जावं लागेच.

ज्यानं मार्चएंडला बॅलन्स जुळवला आहे त्याला विचारा, संध्याकाळी घरी आल्यावर डोक्यात काय उरतं. मी स्वतः 33 वर्षं खातेवह्या लिहिल्या. सहा वाजता घरी आल्यावर टीव्ही लावायचंही त्राण नसायचं. या माणसानं तसल्याच टेबलावर दिवस काढून रात्री मारवा गायला. बरं, सरकारी नोकरी म्हटली की बदली आली. त्यांची बदली थेट ईशान्येला, तेव्हाच्या नेफा भागात झाली. पुण्याच्या मैफली कुठं आणि ते डोंगर कुठं! इथं एखाद्यानं तंबोरा गुंडाळून ठेवला असता. मी तर नक्कीच ठेवला असता.

मी हे उगाच म्हणत नाही. माझे वडील पेटी वाजवत. आमचं गाव झाडीपट्टीतलं. दिवाळी झाली की मंडई भरते, दंडार होते, नाटक लागतं, ते सगळं आपल्या भागातल्या लोकांना सांगायला नको. रात्रभर चालणाऱ्या त्या नाटकांत गाण्याशिवाय भागत नाही. पदाला वन्समोर आला नाही तर नाटक पडलं असं समजतात. वडील त्या नाटकांत पेटीवर बसत, आणि चुरण्याच्या वेळी खळ्यावर तीच पदं गुणगुणत. ते राग शिकलेले नव्हते, पण राग त्यांच्या अंगात होते. मला नोकरी लागली, भाड्याची एक खोली घेतली, आणि जागा नाही म्हणून मी ती पेटी विकून टाकली. वडील काही बोलले नाहीत. त्या मुलीच्या वडिलांना सभेत गप्प बसलेलं पाहिलं तेव्हा मला का कोण जाणे अस्वस्थ वाटलं होतं. कारण मला फार उशिरा कळलं.

तर वसंतराव. साठच्या दशकाच्या मध्यावर, वयाच्या पंचेचाळिशीच्या आसपास, त्यांनी नोकरी सोडली. पंचेचाळिशीत माणूस पेन्शनला किती वर्षं उरली ते मोजतो. त्यांनी उरलेलं आयुष्य गाण्याला दिलं. आणि मग आलं ते नाटक.

डिसेंबर 1967 मध्ये कट्यार काळजात घुसली रंगभूमीवर आलं. लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर, म्हणजे पुन्हा आपल्या नागपूरचेच. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं. दोन गायकांची, दोन घराण्यांची ही गोष्ट. दरबारात मान मिळवण्यासाठी झुरणारे खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले, त्यांचा अहंकार, दुसऱ्याच्या गाण्याचं खुपणारं मोठेपण, आणि शेवटी कला घराण्यापेक्षा मोठी असते हे त्यांना उमगणं. खाँसाहेबांची भूमिका वसंतरावांची. जो माणूस जन्मभर कोणत्या घराण्याचा म्हणून तोलला गेला, त्यानंच घराण्याचा अभिमान मिरवणारे खाँसाहेब उभे केले. ही भूमिका त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाची अशी कल्पनाच लोकांना करवेना.

या नाटकानं केलेलं मोठं काम मला असं वाटतं: ज्यांनी कधी मैफलीचं तिकीट काढलं नाही, असे दुकानदार, मास्तर, कारकून, घरातल्या बाया, सगळे नाटक म्हणून आले आणि राग ऐकून गेले. आपण शास्त्रीय संगीत ऐकतोय हे त्यांना कोणी सांगितलं नाही, म्हणून ते घाबरले नाहीत. घरी जाताना ओठांवर पदं होती. झाडीपट्टीत माझ्या वडिलांच्या पेटीसमोर बसलेली माणसंही तशीच होती.

वसंतरावांनी भावगीतंही गायली. वा. रा. कांत यांच्या बगळ्यांच्या कवितेला श्रीनिवास खळे यांनी चाल दिली आणि वसंतरावांनी ती गायली. रेडिओवर ती लागली की माझी आई हातातला तांदूळ निवडायचा थांबायची, हे मला चांगलं आठवतं. गाणारा कोण, हे तिलाही माहीत नव्हतं. मराठी नाट्यसंगीत कसं घडत गेलं, कोणत्या काळी पद कसं म्हणत, हे ते स्वतः गाऊन दाखवत लोकांना समजावून सांगत. मग 1979 मध्ये अष्टविनायक सिनेमा आला. संगीत अनिल-अरुण यांचं. त्यातलं अनुराधा पौडवाल यांच्याबरोबरचं ते गणपतीचं गाणं गावोगावच्या मंडपांत पोचलं, ते अजून निघालेलं नाही.

1982 चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. आता जरा निवांत गावं, शिकवावं, असे दिवस आले होते. पण 30 जुलै 1983 ला पुण्यात ते गेले. वय अवघं 63. नोकरी सोडल्यापासून हिशेब केला तर गाण्यासाठी पूर्ण मोकळी अशी जेमतेम अठरा वर्षं त्यांना मिळाली. आधीची 24 हापिसाची. हा हिशेब मी दोनतीनदा मांडून पाहिला. दर वेळी वाटतं, ही अठरा वर्षं उभी राहिली ती आधीच्या 24 वर्षांत रोज कुठंतरी कोपऱ्यात चाललेल्या त्या आऽ आऽ वरच.

नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये त्यांच्या नावाचं स्मृती सभागृह आहे. आपल्यापैकी अनेक जण तिथं नाटकाला, शाळांच्या कार्यक्रमाला, कोणाच्या सत्काराला गेलो असू. मीही चारपाच वेळा गेलो. बोर्डावरचं नाव वाचून कोणी पुढारी असतील असं समजून आत गेलो! 2015 साली कट्यारवर सिनेमा आला तेव्हा सोसायटीतले आपण वीसेक जण दोन गाड्या करून नागपूरला गेलो होतो, आठवतं ना? त्यात खाँसाहेबांचं काम सचिन पिळगावकरांनी केलं, आणि हेच सचिन 1979 च्या अष्टविनायकचे नायक. खाँसाहेबांसाठी गळा दिला तो वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी. पुढे 2022 मध्ये मी वसंतराव हा चित्रपट आला. त्यात नातवानंच आजोबांची भूमिका केली आणि गायनाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळवला. म्हणजे आपण सगळ्यांनी वसंतरावांना इतक्या वेळा, इतक्या वाटांनी ऐकलं आहे. फक्त ते शास्त्रीय आहे, आपल्याला कळणार नाही, अशी भिंत मनात होती.

ही भिंत कशी पडते, ते माझ्या अनुभवातून सांगतो. मी काही तज्ज्ञ झालो नाही. एक दिवस त्या मुलीच्या घरी जाऊन विचारलं की सुरुवात कुठून करू? तिनं मला मोबाईलवर वसंतरावांचा मारवा लावून दिला आणि एकच सांगितलं: हा संध्याकाळचा राग आहे, सूर्य बुडताना ऐका. मी गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी खुर्ची टाकून बसलो. या रागात पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि षड्ज, म्हणजे जिथं येऊन सगळे विसावतात तो सूर, तो गायक लवकर हाती लागू देत नाही. म्हणून ऐकताना एक हुरहूर लागून राहते. पहिल्या दिवशी मला दहा मिनिटांत कंटाळा आला, खरं सांगतो. तिसऱ्या दिवशी दिवा लावायची वेळ टळून गेली तरी उठवेना. पश्चिमेकडे उजेड उतरत होता आणि तो षड्ज काही येईना. आणि मग तो आला. तेव्हा माझे डोळे का भरले, ते मला सांगता येणार नाही. वडील डोळ्यासमोर होते एवढं खरं.

आता माझी सकाळ भाजी निवडताना भैरवापासून सुरू होते. सौभाग्यवती म्हणतात की म्हातारपणी हे काऊन सुचलं? पण स्वयंपाकघरातला स्पीकर त्याच लावतात. राग ओळखता आलाच पाहिजे असं नाही. वांग्याची भाजी आवडायला तिचं शास्त्र कुठं लागतं? पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ओळख होते, आणि ओळख झाली की माया लागते. शेजाऱ्यांचंही तसंच असतं, 25 वर्षांत आपण तेच तर शिकलो.

आता कामाचं. त्या अर्जावरची माझी तिसरी सही मी लेखी पत्र देऊन मागे घेतली आहे. उरलेल्या दहा सह्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला पहाटे झोप हवी असते, हेही मला समजतं. म्हणून येत्या सभेपुढे माझे दोन ठराव ठेवतो. एक, तळमजल्यावरचा हॉल रोज सकाळी सहा ते साडेसात रियाजासाठी मोकळा असावा. कोणाचाही मुलगा, मुलगी, सून, आजोबा तिथं गाऊ-वाजवू शकेल. किल्ली मी सांभाळीन, पंखा-दिव्याचा खर्चही माझ्याकडे. दोन, दरवर्षी 30 जुलैला संध्याकाळी त्याच हॉलमध्ये आपण सगळ्यांनी एकत्र बसून वसंतराव ऐकावेत. सुरुवात गणपतीच्या गाण्यानं करू, म्हणजे पोरं उठून जाणार नाहीत. मग कट्यारची पदं, आणि सूर्य बुडायच्या वेळेला मारवा. नंतर तर्री पोहे आणि चहा, माझ्याकडून.

त्या मुलीनं पुन्हा रियाज सुरू केला आहे, सध्या खिडक्या बंद ठेवूनच. तिसाच्या कार्यक्रमात तू गाशील का, असं मी विचारलं. बघू, म्हणाली. ठराव पास होईपर्यंत तिनं बघू म्हणणंच रास्त आहे.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना मनापासून शुभेच्छा. सभेला जरूर या, आणि हात वर करताना आपल्या वसंतरावांची आठवण ठेवा.